बॉग बटर: ते लोणी आहे का, आणि ते पुरलं का?

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी ही एका जुन्या लोण्याची गोष्ट वाचा.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पीटच्या दलदली आहेत. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे हजारो वर्षं साचलेले थर. लोक ते कापून, वाळवून जाळतात. कापताना कधीकधी मेणासारखा पिवळट गोळा हाती लागतो, काही वेळा लाकडी भांड्यात, काही वेळा सालीत गुंडाळलेला. हेच 'बॉग बटर'. थंड, आम्लधर्मी, पाण्याने भरलेल्या पीटमध्ये ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे सडवणाऱ्या जिवाणूंचं तिथे फारसं चालत नाही.

पण हे लोणीच आहे, हे कशावरून? नुसत्या नावावरून? इतक्या काळात मूळ मेद तुटून मुख्यतः पामिटिक आणि स्टिअरिक ही मेदाम्लं उरतात. ती लोण्यातही असतात आणि जनावराच्या चरबीतही. म्हणजे मेदाम्लांची यादी काढून भागत नाही.

उत्तर मिळालं कार्बनच्या समस्थानिकांतून. दुधातलं बरंचसं पामिटिक आम्ल गाईच्या कासेतच तयार होतं. स्टिअरिक मात्र तिथे बनत नाही. ते बरंचसं चाऱ्यातल्या मेदातून येतं, आणि त्या मेदात कार्बन-13 कमी असतो. म्हणून दुधाच्या मेदात या दोन आम्लांमधला फरक मोठा दिसतो, चरबीत लहान.

2004 मध्ये स्कॉटलंडच्या 9 नमुन्यांवर हे तपासलं. 6 दुधाचे निघाले आणि 3 चक्क चरबीचे! 2019 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन आणि ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी 32 आयरिश नमुने पाहिले. त्यातले 26 दुधाचे असल्याचं खात्रीने सांगता आलं. रेडिओकार्बनने सर्वांत जुना नमुना इ.स.पू. 1700 च्या आसपासचा ठरला.

'काय' आणि 'केव्हा' हे प्रश्न असे सुटले. 'का पुरलं?' हा मात्र तसाच आहे. साठवण म्हणून, चोरांपासून लपवायला, की देवाला अर्पण म्हणून? मास स्पेक्ट्रोमीटर यावर गप्प बसतो. पुरातत्त्वज्ञ एमन केली यांनी वेगळा पुरावा वापरला, तो म्हणजे नकाशा. अशा वस्तू जुन्या राज्यांच्या सीमांजवळ ठेवल्या जात, असं त्यांनी मांडलं. अडचण अशी की बरेच गोळे पीट कापताना अचानक सापडले, आणि नेमकी जागा, खोली कुणी लिहूनच ठेवली नाही. लोणी टिकलं, पण ते का पुरलं याचा पुरावा गेला.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये 'काय' आणि 'का' एकाच उद्दिष्टात कोंबले होते. गाइडनी पेन्सिलने एवढंच लिहिलं, "हे कोणत्या उपकरणावर दिसणार?" मला उत्तर देता आलं नाही, आणि सहा महिन्यांचं नियोजन बदलावं लागलं.

तुमच्या प्रत्येक उद्दिष्टासमोर हाच प्रश्न आजच लिहून बघा. आणि नमुना उचलण्याआधी जागा, खोली, तारीख वहीत टिपा.