पारंपरिक रेखाटनावर आधारित डिजिटल चित्रकला

पारंपरिक रेखाटनावर आधारित डिजिटल चित्रकला म्हणजे लघुरेखाटन, बाह्यरेषा, छायाप्रकाश व रंगलेपन हे कागदावरील चित्रणाचे टप्पे त्याच क्रमाने संगणकावर वापरून चित्र पूर्ण करण्याची पद्धत होय. छायाचित्रावर प्रक्रिया करून प्रतिमा बनविण्यापेक्षा ही पद्धत वेगळी आहे. तीत प्रत्येक रेषा व फटकारा चित्रकार स्वतःच्या हाताने काढतो. त्यामुळे साधन बदलले, तरी प्रमाण, यथार्थदर्शन व निरीक्षण यांचा सराव आवश्यकच राहतो.

पार्श्वभूमी

इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे 'स्केचपॅड' ही प्रणाली सादर केली. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत असे. १९७३ मध्ये रिचर्ड शूप यांच्या 'सुपरपेंट'मुळे संगणकावर रंगकाम शक्य झाले. 'फोटोशॉप'ची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. 'क्रिता' व 'मायपेंट' ही चित्रकलेसाठीची मुक्त सॉफ्टवेअरे विनामूल्य उपलब्ध आहेत.

चित्र थरांनी उभारण्याची कल्पना मात्र संगणकापूर्वीची आहे. मुघल व पहाडी लघुचित्रांत प्रथम रेखाटन करून त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ थर देत. त्यातून पुसट दिसणाऱ्या रेषा पुन्हा पक्क्या केल्या जात आणि नंतर रंग भरले जात. डिजिटल चित्रातील लेयर याच तत्त्वावर वापरता येतात.

पद्धत

१. लघुरेखाटन : कागदावर लहान आकाराची अनेक रेखाटने करून त्यांतून रचना निवडली जाते. या टप्प्यावर तपशील टाळतात.

२. संगणकावर घेणे : निवडलेले रेखाटन मोठे काढून ते स्कॅन करतात. ए४ आकाराचा कागद ३०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेलची प्रतिमा मिळते. स्कॅनर नसल्यास सारख्या उजेडात, कागदाच्या बरोबर वरून छायाचित्र घेतात.

३. रेषा : रेखाटनाचा लेयर 'मल्टिप्लाय' प्रकारात ठेवतात. यात वरच्या व खालच्या रंगांच्या मूल्यांचा गुणाकार होतो. पांढऱ्याचे मूल्य १ असल्याने कागदाचा पांढरा भाग खालच्या रंगात बदल करीत नाही आणि पेन्सिलीची रेषा तेवढी दिसत राहते. मग या लेयरची अपारदर्शकता कमी करून स्वतंत्र लेयरवर पक्क्या रेषा काढतात.

४. छायाप्रकाश : रंगांपूर्वी केवळ करड्या छटांत उजेड व सावली ठरवितात. युरोपीय तैलचित्रणातही एकरंगी पायाचित्र करण्याची पद्धत होती.

५. रंग : मोठे रंगक्षेत्र आधी व तपशील शेवटी भरतात. सुरुवातीस एक-दोनच ब्रश वापरणे सोयीचे ठरते.

चित्र आडवे उलटवून पाहिल्यास प्रमाणातील चुका लवकर लक्षात येतात. लिओनार्दो दा विंची यांनी याच कारणासाठी चित्र आरशात पाहण्याचा सल्ला दिला होता.

अडचणी व मर्यादा

पडदा नसलेल्या टॅबलेटवर हात टेबलावर व नजर समोरच्या पडद्यावर असते. त्यामुळे हाताचा व नजरेचा मेळ बसण्यास काही काळ लागतो. टॅबलेटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर कागदाचा खरखरीतपणा नसल्याने रेषा घसरते. पेनवरील दाबानुसार रेषेची जाडी बदलत असल्याने दाबाचाही वेगळा सराव करावा लागतो.

'अनडू' ही सोय शिकणाऱ्यासाठी दुधारी असते. कागदावर चुकलेली रेषा समोर राहते आणि तिच्याशी ताडून पुढची रेषा सुधारता येते. पडद्यावर ती नाहीशी होते आणि तुलनेचा आधारही जातो. म्हणून आरंभीच्या रेषा न पुसता वेगळ्या लेयरवर राखून ठेवणे उपयुक्त ठरते. चित्र सतत मोठे करून पाहिल्यास तपशील वाढतात, पण एकूण रचनेकडे दुर्लक्ष होते. तसेच पडद्यावरील रंग प्रकाशाचे, तर छपाईतील रंग शाईचे असल्याने काही तेजस्वी छटा छापील प्रतीत मंद दिसतात.

शिक्षण

महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. त्यांच्या तयारीत होणारा वस्तुचित्र व स्मरणचित्राचा सराव डिजिटल माध्यमातही उपयोगी पडतो. वस्तूचा आकार, तिच्यावरील उजेड व तिची पडछाया पाहण्याची सवय माध्यम बदलले तरी कामी येते.