दुर्बिणीची स्वच्छता आणि अतिनील किरण

अन्ननलिका, जठर किंवा आतडे यांच्या विकारांत डॉक्टर ‘दुर्बिणीने तपासणी’ सुचवितात. त्या लवचीक दुर्बिणीस एंडोस्कोप म्हणतात. एकच दुर्बीण अनेक रुग्णांसाठी वापरली जाते आणि तिचे नाजूक भाग वाफेची उष्णता सोसत नाहीत. म्हणून तिच्या निर्जंतुकीकरणासाठी अतिनील प्रकाश पुरेसा आहे काय, असा प्रश्न विचारला जातो.

सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण जंतूंच्या डीएनएला इजा करतात व त्यांची वाढ थांबते. घरातील पाणी शुद्ध करणाऱ्या अनेक यंत्रांत असाच दिवा असतो. मात्र पाणी गढूळ असेल, तर गाळाच्या सावलीत जंतू वाचतात. प्रकाश पोहोचेल तेथेच त्याचे काम होते.

पोटाच्या दुर्बिणीत काही मिलिमीटर रुंदीची लांब नलिका असते. बाहेरून सोडलेले किरण तिच्या आत पोहोचत नाहीत. तेथे रक्त वा स्राव सुकला, तर जंतूंचा चिकट थर धरतो. नलिकेत प्रकाशतंतू घालून आतून किरण सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. नाक-घशाच्या नलिका नसलेल्या दुर्बिणींसाठी मात्र काही देशांत अतिनील पेट्या वापरात आहेत. तेथेही आधी पुसून स्वच्छ करणे आवश्यकच असते.

म्हणून पोटाच्या दुर्बिणीचा क्रम ठरलेला आहे: तपासणी संपताच पुसणे, गळती पाहणे, नलिका ब्रशने घासून धुणे, ग्लुटराल्डिहाइडसारख्या जंतुनाशकात ठरावीक वेळ बुडविणे, शुद्ध पाण्याने खळबळणे आणि पूर्ण वाळविणे. लॉस एंजेलिस येथील यूसीएलए रुग्णालयात २०१५ साली गुंतागुंतीच्या रचनेच्या दुर्बिणींतून औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग ७ रुग्णांना झाल्याचे उघड झाले व त्यांपैकी दोघे दगावले.

आपल्या लातूरकरांस याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा टंचाईत पाणी न लागणारा दिवा सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दुर्बीण धुण्याच्या पाण्यात काटकसर करता येत नाही, आणि दिवा धुण्याची जागा घेऊ शकत नाही.

भीतीपोटी आवश्यक तपासणी टाळू नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे. ‘आधीच्या रुग्णानंतर दुर्बीण कशी स्वच्छ केली?’ असे मात्र नम्रपणे अवश्य विचारावे. तो रुग्णाचा हक्क आहे.