चाळीस मिनिटांचं कूळ

रॉक बँडचा अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचाच का असतो? बँडवाले म्हणतील, तेवढीच गाणी जमली. खरं कारण तबकडीत आहे.

१९०२ साली गायिका गौहर जान कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायली, तेव्हा तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावायची. गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगे. तबकड्या हॅनोव्हरला बनत, तिथल्या कारागिरांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळायला नको? आपल्या नाट्यपदांनाही पुढे याच तीन-साडेतीन मिनिटांत अंग चोरून बसावं लागलं. लांब रचना हवी, तर अनेक तबकड्या. त्या पाकिटं शिवलेल्या जाडजूड पुस्तकात ठेवत, फोटो ठेवतात तशा. त्या पुस्तकाचं नाव अल्बम.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली. एका बाजूला बावीसेक मिनिटं, म्हणजे ठाण्याहून फास्टने कल्याण, दिव्याला सिग्नल मिळाला तर. पुस्तक गेलं, नाव राहिलं. बीटल्सनी १९६६ मध्ये दौरे थांबवले आणि पुढच्या वर्षी ‘सार्जंट पेपर’ स्टुडिओत चार ट्रॅकवर थर देत रचला. मंचावर वाजवता येणार नाही असं काही अल्बममध्ये असू शकतं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

आपल्याकडचे बँड बराच काळ परक्यांचीच गाणी वाजवत. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ काढला, ही मोठीच हिंमत. धोबीतलावच्या रंगभवनात रॉक ऐकून शेवटची लोकल गाठणाऱ्या ठाणे-डोंबिवलीच्या पोरांना आपल्यातलंही कुणी अल्बम करतं हे कळलं.

बाकी ऐकणं उसन्या कॅसेटवर. सी-नव्वदच्या एका बाजूत पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे एक अख्खा अल्बम. ‘निर्वाना’ बँडचा १९९१ चा ‘नेव्हरमाइंड’ सुमारे बेचाळीस मिनिटांत संपतो, असं वाटतं. सीडीवर मात्र दहाएक मिनिटांच्या शांततेनंतर एक दडवलेलं गाणं अंगावर येतं. सीडीत जागा होती म्हणून केलेला हा खोडसाळपणा. सी-नव्वदवर उतरवून घेणाऱ्यांना त्याचा पत्ताच नाही, कारण त्यांची फीत शांततेतच संपायची.

आता डोंबिवलीच्या वन बीएचकेतही लॅपटॉपवर रेकॉर्डिंग होतं. लांबीला धरबंध नाही, गाणी एकेक करून फोनवर सोडता येतात. तरी बँड अल्बम करतातच. मला तर गाण्यांचा क्रम लावणं हेच त्यातलं खरं काम वाटतं. त्यात एलपीची हौस परत आली आहे आणि तिच्यासोबत जुना जाचही. बाजू बावीस मिनिटांपलीकडे ताणली, की खाचा दाटीवाटीने पाडाव्या लागतात, आवाज बसतो, बेस पुळचट होतो. मग गिटारवाल्याचा लांबलेला सोलो कापायचा की अख्खं गाणं वगळायचं, यावर जॅमरूममध्ये भांडण ठरलेलं. गिटारवाला अर्थात दुसऱ्याचं गाणं सुचवतो.