तीन घळया, एक नदी आणि एक धरण : यांगत्सेच्या जलमार्गाचा ऐतिहासिक विचार

चीनमधील चोंगचिंग (जुन्या लेखनातील चुंगकिंग) येथे प्रवासी जहाजात बसून यांगत्से नदीच्या प्रवाहाबरोबर यीछांगपर्यंत जाणे हा आज तीन-चार दिवसांचा सुखाचा प्रवास आहे. प्रवासी सज्जात उभा राहून दोन्ही तीरांवरील उत्तुंग कडे न्याहाळतो. पाणी जवळजवळ स्थिर असते. जहाजाला हादराही बसत नाही. प्रवासाच्या अखेरीस सांतौफिंग येथील महाधरण पाहावयास मिळते आणि त्याच्या विस्ताराने मन थक्क होते. परंतु या प्रवासात जे दिसते ते नदीचे रूप नव्हे, तर जलाशयाचे रूप होय. ज्या नदीविषयी चीनमधील कवींनी आणि प्रवाशांनी दीड हजार वर्षे लिहिले, ती या पाण्याच्या तळाशी आहे. ती नदी कशी होती, तिच्यावर कोणी कष्ट केले, आणि तिच्याविषयीचा जो पुरावा धरणाच्या आखणीस उपयोगी पडला तोच पुरावा धरणाच्या पाण्याखाली कसा गेला, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

सेचवानचे सुपीक खोरे आणि मध्य चीनमधील सखल मैदान यांच्यामध्ये पर्वतरांगा आडव्या आल्या आहेत. त्या भेदून यांगत्से तीन घळयांतून पूर्वेस उतरते. पश्चिमेकडून आरंभ केल्यास पहिली छुथांग, दुसरी वू आणि तिसरी शीलिंग. छुथांग ही लांबीने सर्वांत लहान, अवघी आठ किलोमीटर. परंतु तिचे मुख, ज्यास ख्वेमन म्हणतात, सर्वांत अरुंद आणि भव्य आहे. इ. स. १९९९ च्या मालिकेतील दहा युआनच्या नोटेवर याच मुखाचे चित्र आहे. या मुखाशी असलेल्या पायतिच्छंग नावाच्या दुर्गात इ. स. २२३ मध्ये शू राज्याचा अधिपती ल्यू पेइ पराभवानंतर मरण पावला. सेचवानमध्ये शिरणाऱ्या सैन्याला आणि सेचवानबाहेर पडणाऱ्या धान्याला, मिठाला व रेशमाला हाच जलमार्ग होता. घळया ताब्यात असणे म्हणजे सेचवानचे पूर्वद्वार हाती असणे, हे समीकरण चीनच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

या प्रदेशाचे वर्णन करणाऱ्या वाङ्मयात इ. स. ५२७ मध्ये मरण पावलेल्या ली ताओयुआन याच्या जलमार्गविषयक भाष्यग्रंथास मानाचे स्थान आहे. थांग काळातील ली पाइ हा कवी हद्दपारीच्या वाटेवर असताना इ. स. ७५९ मध्ये त्याला पायतिच्छंग येथे माफी मिळाली आणि प्रवाहाबरोबर वेगाने परत जाताना त्याने रचलेली कविता चिनी शाळकरी मुलांनाही पाठ असते. तू फू हा इ. स. ७६६ ते ७६८ या काळात ख्वेचौ येथे राहिला व तेथे त्याने चारशेहून अधिक कविता लिहिल्या. सुंग काळात लू यौ याने इ. स. ११७० मध्ये प्रवाहाविरुद्ध केलेल्या प्रवासाची दैनंदिनी लिहिली, तर फान छंगता याने इ. स. ११७७ मध्ये प्रवाहाबरोबर केलेल्या प्रवासाची. ही साधने अमोल आहेत. तथापि त्यांचा कर्ता बहुधा अधिकारी अथवा विद्वान असून तो नावेत बसलेला आहे, ही गोष्ट अभ्यासकाने दृष्टिआड करता कामा नये. नाव ज्यांच्या बळावर चालत होती त्यांनी स्वतः फारच थोडे लिहून ठेवले आहे.

प्रवाहाबरोबर खाली जाण्यास काही दिवस पुरत; यीछांगहून चोंगचिंगपर्यंतचे सुमारे साडेसहाशे किलोमीटर अंतर वर चढण्यास मात्र महिना किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. वारा अनुकूल असेल तेथे शिडे उपयोगी पडत. एरवी किनाऱ्यावरील माणसांनी बांबूच्या कामट्यांचे वळलेले जाड दोर खांद्याला लावून नाव ओढावी लागे. मोठ्या गलबताला साठ-सत्तर माणसे लागत आणि द्रुतवाहाच्या जागी गावातील आणखी माणसे मजुरीने जोडीस घ्यावी लागत. कड्यात खोदलेल्या अरुंद वाटेने ती वाकून, कधी हातांपायांवर चालत. ढोलाच्या ठेक्यावर आणि म्होरक्याच्या गाण्यावर सर्वांची पावले एकदम पडत. दोर तुटला तर नाव खडकावर आदळे आणि दोर वेळीच सुटला नाही तर ओढणारेही खाली खेचले जात. शतकानुशतकांच्या घर्षणाने खडकांच्या कडांना बोटे मावतील एवढ्या खोल खाचा पडल्या होत्या. नाव ओढणाऱ्यांनी आपल्या हातांनी लिहिलेला इतिहास म्हणावयाचा तर तो या खाचांचाच होय.

नदीचे संकट हे केवळ पाण्याच्या वेगाचे नव्हते. ते डोंगरांच्या अस्थिरतेचेही होते. शीलिंग घळईतील शिनथान या द्रुतवाहाच्या नावाचा अर्थच 'नवा द्रुतवाह' असा आहे. कडे कोसळून नदीच्या पात्रात शिळा पडल्यामुळे तो निर्माण झाला. दरडींचा हा इतिहास धरण झाल्यानंतरही संपलेला नाही, हे पुढे दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकात या जलमार्गाकडे पाश्चात्त्य व्यापाऱ्यांची दृष्टी वळली. इ. स. १८७६ च्या चीफू करारान्वये यीछांग परकीय व्यापारास खुले झाले. आर्चिबाल्ड लिटल या इंग्रज व्यापाऱ्याने घळयांतून आगबोट नेण्याचा ध्यास घेतला आणि इ. स. १८९८ मध्ये त्याची 'लीछुआन' ही लहानशी आगबोट चोंगचिंगला पोहोचली. यंत्रयुगाच्या या विजयाची एक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते : द्रुतवाहांच्या जागी या आगबोटीलाही माणसांनीच दोर लावून वर ओढले होते. इ. स. १९०० मध्ये कॉर्नेल प्लँट याच्या नेतृत्वाखाली 'पायोनिअर' ही अधिक शक्तिमान बोट वर गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'स्वेशियांग' ही जर्मन बोट खुंगलिंगच्या खडकांवर फुटून बुडाली. प्लँटने पुढे चिनी जकात खात्यात नदी-निरीक्षक म्हणून काम केले, मार्गदर्शक खुणा उभारल्या आणि इ. स. १९२० मध्ये नावाड्यांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. इ. स. १९३८ मध्ये जपानी आक्रमणामुळे यीछांग येथे कारखान्यांची यंत्रसामग्री व माणसे अडकून पडली, तेव्हा लू त्सोफू याच्या मिनशंग कंपनीच्या बोटींनी ती थोड्या आठवड्यांत घळयांतून वर नेली. चीनचे युद्धकालीन उद्योगधंदे तगले ते या मार्गामुळे. त्या वेळीही आगबोटींच्या जोडीला शेकडो लाकडी नावा होत्याच.

धरणाची कल्पना यापूर्वीच मांडली गेली होती. इ. स. १९१९ मध्ये सुन यत्-सेन याने आपल्या औद्योगिक योजनेत घळयांमध्ये बंधारे बांधून नौकानयन सुकर करावे आणि जलशक्तीचा उपयोग करावा, असे सुचविले. इ. स. १९४४ मध्ये अमेरिकन अभियंता जॉन सॅव्हेज याने प्रत्यक्ष पाहणी करून आराखडा तयार केला. यादवी युद्धामुळे इ. स. १९४७ मध्ये ते काम थांबले. इ. स. १९५४ च्या महापुरात तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि पूरनियंत्रण हा धरणाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद झाला. लिन ईशान याने धरणाचा आग्रह धरला, तर ली रुइ याने विरोध केला. माओ त्से-तुंगने दोघांचेही म्हणणे ऐकले आणि निर्णय लांबला. दरम्यान घळयांच्या पूर्वमुखाशी कचौपा येथे लहान धरण बांधण्यात आले. त्यासाठी इ. स. १९८१ मध्ये नदी अडविण्यात आली आणि इ. स. १९८८ मध्ये ते पूर्ण झाले.

अशा प्रकल्पासाठी नदीचा सर्वांत मोठा पूर केवढा आणि सर्वांत कमी पाणी किती, हे ठरविणे अगत्याचे असते. अर्वाचीन मोजमापे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाहीत. येथे इतिहास अभियंत्यांच्या मदतीस आला. तीरावरील खडकांवर लोकांनी पुराच्या पातळ्या कोरून ठेवल्या होत्या. चुंग परगण्यात इ. स. ११५३ आणि १२२७ च्या पुरांचे लेख आहेत, इ. स. १८७० च्या महापुराच्या खुणा तर अनेक ठिकाणी सापडल्या आणि त्यांवरून त्या पुराचा यीछांग येथील प्रवाह सेकंदास सुमारे १,०५,००० घनमीटर होता असे अनुमान काढण्यात आले. कमी पाण्याची नोंद फूलिंग येथे नदीच्या पात्रातील पायहलिआंग या सुमारे १,६०० मीटर लांबीच्या खडकावर होती. हिवाळ्यात पाणी फार उतरले म्हणजे हा खडक उघडा पडे आणि त्यावर कोरलेले मासे दिसू लागत. मासे दिसले की पुढील वर्षी पीक चांगले येते, अशी लोकांची श्रद्धा होती. म्हणून प्रत्येक वेळी तेथे येणाऱ्या अधिकाऱ्यांनी व विद्वानांनी पाण्याची पातळी, तिथी आणि आपली नावे कोरली. इ. स. ७६३-६४ पासून बाराशे वर्षांचे दीडशेहून अधिक लेख तेथे आहेत. सुंग कवी हुआंग थिंगच्येन याचा इ. स. ११०० मधील लेखही त्यांत आहे. पिकाच्या शकुनासाठी कोरलेले मासे अशा रीतीने जलविज्ञानाचे मोजमाप ठरले.

३ एप्रिल १९९२ रोजी राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेत धरणाचा ठराव मतास टाकण्यात आला. १,७६७ मते अनुकूल, १७७ प्रतिकूल आणि ६६४ सदस्य तटस्थ, असा निकाल लागला. ज्या सभेत ठराव बहुधा एकमताने संमत होत, तेथे जवळजवळ एकतृतीयांश सदस्यांनी संमती न देणे ही असामान्य गोष्ट होती. तत्पूर्वी इ. स. १९८९ मध्ये पत्रकार ताइ छिंग हिने विरोधी तज्ज्ञांचे विचार एकत्र करून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावर बंदी आली आणि तिला तुरुंगवासही घडला. इ. स. १९९४ मध्ये कामास विधिवत् आरंभ झाला, १९९७ मध्ये नदी अडविण्यात आली, २००३ मध्ये पाणी १३५ मीटरच्या पातळीला आणि २०१० मध्ये १७५ मीटरच्या पातळीला पोहोचले. धरणाची लांबी सुमारे २,३०० मीटर, जलाशयाची लांबी सहाशे किलोमीटरहून अधिक आणि विद्युत्‌निर्मितीची क्षमता २२,५०० मेगावॉट आहे. जहाजांसाठी पाच पायऱ्यांचे दुहेरी जलपाश असून इ. स. २०१६ पासून जहाज उचलून नेणारा पाळणाही सुरू आहे.

या पाण्यासाठी सुमारे तेरा लाख माणसांना घरे सोडावी लागली. पुष्कळांना वरच्या उतारांवर वसविण्यात आले. एक लाखाहून अधिक ग्रामीण लोक दूरच्या प्रांतांत गेले. तू फूच्या वास्तव्याने पुनीत झालेले ख्वेचौ, म्हणजे आजचे फंगच्ये, हे जुने शहर इ. स. २००२ मध्ये पाडून टाकण्यात आले. चांग फेइचे देऊळ दगड न् दगड उचलून दुसरीकडे उभारले गेले. शिपाओचाइ भिंत बांधून वाचविले. पायतिच्छंग बेट झाले. पायहलिआंग जागीच बुडाले, परंतु इ. स. २००९ मध्ये त्याभोवती पाण्याखालील संग्रहालय उघडण्यात आले. प्रेक्षक सरकत्या जिन्याने नदीच्या तळाशी उतरून गोल काचांतून मासे पाहतो. मासे आहेत, लेख आहेत. परंतु त्यांवरून पाणी उतरण्याची घटना आता घडत नाही. नोंद सुरक्षित राहिली आणि नोंद करण्याची परंपरा संपली.

धरणाच्या लाभांविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये जलाशयात सेकंदास ७५,००० घनमीटर पाणी येत असताना खाली सुमारे ४९,००० घनमीटरच सोडण्यात आले. खालच्या मैदानातील लोकांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको. जेथे नावा फुटत तेथून आज हजारो टनांची जहाजे निर्विघ्न जातात. उलटपक्षी, जुलै २००३ मध्ये पाणी चढू लागताच छियेनच्यांगफिंग येथे दरड कोसळून चोवीस माणसे दगावली. गाळ जलाशयात अडल्यामुळे खालच्या पात्राची धूप वाढली. इ. स. २०११ मध्ये चीनच्या शासनानेही विस्थापन, पर्यावरण आणि दरडी यांबाबतचे प्रश्न तातडीने सोडविणे आवश्यक असल्याचे मान्य केले.

आता पुन्हा त्या प्रवाशाकडे वळता येईल. इ. स. १९९७ पूर्वी घळयांना 'निरोप' देण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली होती. धरण झाल्यावरही ती थांबली नाही. पातुंगजवळील शननुंग ओढ्यात जहाजातील प्रवाशांना लहान नावांत बसवून स्थानिक माणसे दोराने थोडे अंतर ओढून दाखवितात. सेचवानमधील नावाड्यांची श्रमगीते इ. स. २००६ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतली गेली. जे काम पोटासाठी होते ते प्रेक्षणीय झाले, ही गोष्ट खेदाची की समाधानाची, याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. त्या जीवघेण्या श्रमातून माणसे सुटली, हे इष्टच झाले. परंतु ज्या खाचांनी त्या श्रमांची साक्ष दिली असती, त्या बहुतांशी पाण्याखाली आहेत.

पूर, दुष्काळ, पीक आणि मृत्यू यांच्या नोंदी ज्यांनी खडकावर कोरल्या, त्यांनी त्या पुढच्या पिढीस उपयोगी पडाव्यात म्हणूनच कोरल्या होत्या. त्या उपयोगी पडल्याही, आणि त्या उपयोगाची परिणती त्यांच्या निमज्जनात झाली. घळयांच्या इतिहासकाराला यापुढे ग्रंथालये, छायाचित्रे, उत्खननाचे अहवाल आणि स्थलांतरितांच्या आठवणी यांवर विसंबावे लागेल. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत अल्पायुषी आहे. म्हणून त्याचे संकलन सर्वांत आधी झाले पाहिजे.