पहिली ते पाचवी: मूल शाळेत नेमकं काय शिकतं?

दुसरीतलं मूल घरी येतं आणि सांगतं, "आज बाईंनी चिंचोके मोजायला लावले." आजीला प्रश्न पडतो, मग अभ्यास कधी झाला? वहीत दोनच ओळी लिहिलेल्या दिसल्या की पालकांनाही तसंच वाटतं. प्रत्यक्षात चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करणं हा प्राथमिक शाळेतल्या गणिताचा गाभा आहे. पुढची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि दशांश अपूर्णांक सगळं त्याच ढिगांवर उभं राहतं.

प्राथमिक शाळेत विषय मोजकेच असतात, पण प्रत्येक विषयाचं काम वेगळं असतं. महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पहिली ते पाचवीत काय शिकवलं जातं, का शिकवलं जातं आणि मूल कुठे अडखळतं, ते समजून घेऊ.

प्राथमिक म्हणजे कोणते वर्ग?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा आहे. प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालं पाहिजे, असं कायदा सांगतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही मांडणी बदलली. वय वर्षे ३ ते ८, म्हणजे बालवाडी किंवा अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, हा पायाभूत स्तर. तिसरी ते पाचवी हा पूर्वतयारी स्तर. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत असून २०२५-२६ मध्ये त्याची सुरुवात पहिलीपासून झाली.

पाठ्यपुस्तकं तयार करते 'बालभारती'. पुण्यातल्या या मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी झाली.

भाषा: अक्षरापासून अर्थापर्यंत

मराठीच्या तासाला चार गोष्टी शिकवल्या जातात: ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं. पहिलीच्या सुरुवातीला गाणी, गोष्टी, चित्रवाचन आणि गप्पा जास्त असतात. हा टाइमपास नसतो. जो शब्द मुलाने कधी ऐकलेलाच नाही, तो त्याने अक्षरं जोडून वाचला तरी त्याला अर्थ कळत नाही.

आजी-आजोबांच्या पिढीने 'क, ख, ग' अशा क्रमाने मुळाक्षरं घोकली. आता काही अक्षरं आणि एखाददुसरी मात्रा एकत्र शिकवतात, म्हणजे तेवढ्यावरच लगेच शब्द तयार होतात. मूल पहिल्या काही आठवड्यांतच 'मामा', 'काका' असं काहीतरी वाचतं आणि वाचनातून अर्थ निघतो हे त्याला उमगतं.

खरी चढण जोडाक्षरांना लागते. एकटा 'र' घेतला तरी तो सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या या चार शब्दांत चार रूपांत दिसतो. दुसरी-तिसरीत मूल वाचताना अडखळतं ते बहुतेकदा इथेच. अशा वेळी दहा वेळा शब्द लिहायला लावण्यापेक्षा रोज थोडा मजकूर मोठ्याने वाचायला लावणं जास्त उपयोगी पडतं.

आणखी एक अडचण सहज लक्षात येत नाही. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरमध्ये वारली, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी पुस्तकातली प्रमाण मराठी ही जवळजवळ नवी भाषा असते. ती मुलं वाचायला शिकत असतानाच भाषाही शिकत असतात. त्यामुळे शिक्षकाला त्यांच्या बोलीतले चार शब्द येत असतील, तर वर्गातलं शिकणं कितीतरी सोपं होतं.

गणित: सत्तावीस की बहात्तर?

प्राथमिक गणितातली सगळ्यात मोठी कल्पना म्हणजे स्थानिक किंमत. २७ मधला २ म्हणजे दोन नव्हे, दोन दशक. हे डोक्यात पक्कं बसलं नाही, तर वजाबाकीतला हातचा म्हणजे केवळ पाठ केलेली युक्ती ठरते.

मराठीत इथे एक खास अडचण आहे. आपण 'सत्तावीस' म्हणतो, म्हणजे सात आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी येतो. त्यामुळे ऐकलेला आकडा मुलं ७२ असा लिहून मोकळी होतात. 'एकोणतीस' तर आणखी फसवा आहे. ऐकू येतो तीस, पण लिहायचा २९. त्यात त्र्याहत्तर, सत्त्याण्णव अशी जोडाक्षरं!

याच कारणाने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' अशी वाचनपद्धती देण्यात आली आणि मोठा वाद झाला. चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. भाषेची ओळख पुसली जाईल, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी आणि एकक नंतरच बोललं जातं. वाद कोणत्याही बाजूने बघितला, तरी मूल २७ चे ७२ करतं तेव्हा ते 'ढ' नसतं, हे त्यातून अनेक पालकांना पहिल्यांदा कळलं.

संख्यांसोबत आकार, मापन, घड्याळ, नाणी-नोटा आणि चित्रालेख हेही गणितात येतं. गेल्या काही वर्षांच्या पाचवीच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हं, सात अंकी संख्या, अपूर्णांक, कोन, परिमिती आणि क्षेत्रफळ असा पल्ला आहे.

परिसर अभ्यास: अंगणापासून जगाकडे

विज्ञान, इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय प्राथमिक वर्गात वेगवेगळे नसतात. ते 'परिसर अभ्यास' या एका नावाखाली येतात. पहिली-दुसरीत यासाठी वेगळं पुस्तक नसायचं. घर, पाणी, प्राणी, सण अशा गोष्टी भाषेच्या धड्यांतूनच भेटायच्या.

तिसरीत मूल स्वतःचा जिल्हा शिकतं. त्यासाठी बालभारतीने जिल्ह्यांनुसार वेगवेगळी पुस्तकं काढली. कोल्हापूरच्या मुलाने आधी पंचगंगा ओळखायची आणि नाशिकच्या मुलाने गोदावरी. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास येतो, तर पाचवीत अश्मयुगापासूनचा माणसाचा प्रवास. जवळून दूर जायचं, हे यामागचं सूत्र.

या विषयात पाठांतरापेक्षा निरीक्षणाला महत्त्व आहे. सावली दुपारी आखूड का होते, ओढ्याचं पाणी कुठे जातं, घरातला तांदूळ कुठून येतो, असे प्रश्न विचारायला शिकणं हाच यातला खरा अभ्यास.

इंग्रजी, हिंदी आणि 'बाकीचे' विषय

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. सुरुवातीला भर ऐकण्या-बोलण्यावर असतो. मराठी शाळांत हिंदी पाचवीपासून असायची. ती पहिलीपासून आणण्याचे शासन निर्णय २०२५ मध्ये निघाले, पण जोरदार विरोधानंतर २९ जूनला ते मागे घेण्यात आले.

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना अनेक घरांत 'ऑफ तास' समजलं जातं. पण कात्रीने कापणं, माती मळणं, ठसे उमटवणं यातून बोटांवर ताबा येतो आणि अक्षराला वळण लागतं. गटात खेळताना मूल हरायला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं. या विषयांसाठी बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तकही आहे.

एका उपक्रमात चार विषय

अनेक जिल्हा परिषद शाळांत मुलांचा बाजार भरतो. मुलं घरून मेथी, लिंबं, भेळ, चिक्की आणतात आणि पालकांना विकतात. भावाची पाटी लिहिणं ही भाषा झाली. वीसची नोट घेऊन बारा रुपये कापणं हे गणित. भाजी कोणत्या हंगामात येते, हा परिसर अभ्यास. दुकान सजवणं ही कला. संध्याकाळी नफा किती झाला, हा हिशेब मूल न सांगता करतं.

शाळेची परसबागही अशीच. वाफ्याची लांबी मोजली जाते, रोपाच्या वाढीची नोंद वहीत होते आणि पालक शेवटी पोषण आहाराच्या भाजीत पडतो.

प्रगतिपुस्तकात श्रेणी का असते?

राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्याचे दोन भाग आहेत. वर्षभर वर्गात चालतं ते आकारिक मूल्यमापन: तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम. सत्राच्या शेवटी होतं ते संकलित, म्हणजे परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के भार ठेवण्यात आला आणि पाचवीपर्यंत तो ५० टक्क्यांवर येतो. गुणांचं रूपांतर अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणीत होतं.

आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण मात्र राज्याने बदललं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात उत्तीर्ण न झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली, तर मूल त्याच वर्गात राहतं.

तिसरी का महत्त्वाची?

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं. तिसरीपासून ते वाचून शिकतं. ज्याला तिसरीच्या शेवटीही वाचता येत नाही, त्याचा परिसर अभ्यास अडतो आणि गणितातली शाब्दिक उदाहरणंही अडतात. एका विषयातली मागे राहिलेली बाजू सगळ्या विषयांत पसरते.

ही भीती कागदी नाही. ग्रामीण भारतासाठीच्या 'असर' २०२४ अहवालानुसार, सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के आणि पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ च्या तुलनेत हे आकडे सुधारलेले आहेत, तरीही पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं मागेच आहेत.

म्हणूनच केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

घरच्या घरी काय बघावं?

निपुणची लक्ष्यं पालकांनाही वापरता येतात:

- पहिली संपताना: चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य वाचता येतं. ९९ पर्यंतच्या संख्या, सोपी बेरीज-वजाबाकी येते.
- दुसरी संपताना: मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता येतात. ९९९ पर्यंतच्या संख्या येतात.
- तिसरी संपताना: मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता येतात. ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि गुणाकाराची सोपी उदाहरणं येतात.

मूल थोडं मागे असेल तर घाबरायचं कारण नाही, पण वाट बघत बसणंही बरं नाही. पालक सभेत "किती टक्के मिळाले?" याऐवजी "कुठल्या अक्षरांवर अडतो?", "हातच्याची वजाबाकी वस्तू घेऊन करून दाखवतो का?" असं विचारलं, तर शिक्षकांकडून नेमकं उत्तर मिळतं. आणि चिंचोक्यांचे ढीग घरीही करता येतात.