आपल्या घाटातला बर्फ

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की आपल्या बेलव्ह्यूच्या मराठी घरांमध्ये दोन विषय हमखास निघतात. पहिला, डिसेंबरात भारतात कोण कोण चाललंय. आणि दुसरा, यंदा मुलांना स्कीइंगच्या क्लासला घालायचं का. या दुसऱ्या विषयावर भारतातून आलेले आजी-आजोबा एक वाक्य बोलतातच: "बर्फच बघायचा तर स्वित्झर्लंडला जायला हवं!"

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो थिएटरच्या अंधारात. नायिका शिफॉनच्या साडीत, नायक रंगीत स्वेटरमध्ये आणि मागे आल्प्स. या सिनेमांमुळे स्वित्झर्लंडकडे इतके भारतीय पर्यटक वळले, की इंटरलाकेन गावाने २०१६ मध्ये यश चोप्रांचा चक्क पुतळा उभारला. पण मला इतिहासाची खोड आहे. ते शांत, कुटुंबवत्सल स्विस गाव बर्फाचं गाव झालं तरी कसं, आणि आपल्या घरापासून तासाभरावर जो बर्फ आहे त्याची गोष्ट काय, हे शोधत गेलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी स्वित्झर्लंड. आल्प्समध्ये लोक पूर्वी उन्हाळ्यात जात, थंडीत हॉटेलं ओस पडत. सेंट मॉरिट्झचे हॉटेलवाले योहानेस बाड्रुट यांनी १८६४ मध्ये आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, अशी गोष्ट सांगतात. हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर येण्याजाण्याचा खर्च माझा! पाहुणे आले, रमले आणि हिवाळी पर्यटनाला सुरुवात झाली.

पुढची गंमत आपल्या देशाशी जोडलेली आहे. हेन्री लन नावाचे एक मिशनरी मद्रासला होते. तिथेच १८८८ मध्ये त्यांचा मुलगा अर्नोल्ड जन्मला. इंग्लंडला परतल्यावर हेन्रींनी प्रवासी कंपनी काढली आणि इंग्रज कुटुंबांना हिवाळ्यात स्विस गावांत न्यायला सुरुवात केली. त्यांतलंच एक गाव म्युरेन. इंटरलाकेनजवळच्या दरीच्या कड्यावर वसलेलं, मोटारगाड्यांना बंदी असलेलं. थोडक्यात सांगायचं तर आल्प्समधलं माथेरान! याच म्युरेनमध्ये १९२२ मध्ये मद्रासला जन्मलेल्या अर्नोल्ड लन यांनी झेंड्यांच्या जोड्यांमधून वळणं घेत उतरायची शर्यत आखली. तिलाच आज आपण स्लालम म्हणतो. १९२४ मध्ये त्यांनी तिथे स्की क्लब काढला, त्याचं नाव कंदाहार. हे नाव कुठून आलं? १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच झालेल्या एका शर्यतीला चषक दिला होता कंदाहारचे लॉर्ड रॉबर्ट्स यांनी, आणि हे रॉबर्ट्स जन्मले आपल्या कानपूरला! म्हणजे ज्या खेळाला आपण पार परका समजतो, त्याच्या मुळाशी मद्रास आणि कानपूर निघतात.

असो. स्वित्झर्लंडात बर्फाचं गाव झालं ते हॉटेलांमुळे आणि परगावच्या पाहुण्यांमुळे. आपल्याकडे नेमकं उलटं घडलं.

मुंबई-पुणेकरांना जसा खंडाळ्याचा घाट, तसा आपल्याला स्नोक्वाल्मीचा. नाव तिथल्या मूळ स्नोक्वाल्मी लोकांचं. उंची जेमतेम ३,००० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही कमी. पण पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग इथे अडतात आणि एका हिवाळ्यात सरासरी ४०० इंचांच्या आसपास बर्फ टाकून जातात. या घाटात ना जुनं गाव होतं, ना कुठले बाड्रुट. सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, अशाच लोकांनी हा डोंगर घडवला.

सुरुवात केली ती गिर्यारोहकांनी. सिअ‍ॅटलमध्ये १९०६ मध्ये 'माउंटेनिअर्स' नावाचा क्लब निघाला. त्यांनी १९१४ मध्ये घाटाजवळ लाकडी लॉज बांधला आणि १९२८ मध्ये पलीकडच्या बाजूला 'मीनी' नावाची स्की हट. या दोन ठिकाणांमध्ये अंतर १८-२० मैल. १९३० पासून काही वर्षं या वाटेवर त्यांनी एक शर्यत भरवली. तीन-तीन जणांचे संघ, पाठीवर सामान आणि नियम असा, की तिघांनी शेवटपर्यंत बरोबरच पोचायचं. एकटा पुढे पळाला तर उपयोग नाही. रायगड-सिंहगडच्या वाटा तुडवलेल्या आपल्या ट्रेकर मंडळींना हा नियम एकदम पटेल.

मग आले नॉर्वेजियन. मासेमारी, लाकूडकाम अशा कामांसाठी इथे स्थायिक झालेल्या या लोकांनी आपल्या मातीतला खेळ बरोबर आणला होता: उंच उतारावरून सुटायचं आणि हवेत झेप घ्यायची. त्यांनी सिअ‍ॅटल स्की क्लब काढला, आणि १९३० च्या दशकात घाटमाथ्यावर त्यांच्या उड्या बघायला हजारो लोक जमत. सुतारकाम करणाऱ्या टॉर्गर टोकले या तरुण नॉर्वेजियनाने २ मार्च १९४१ रोजी इथे २८८ फुटांची झेप घेऊन अमेरिकेतला विक्रम केला. पुढे तो अमेरिकन सैन्यात गेला आणि १९४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर मारला गेला. दूरदेशी आलेली माणसं आपल्या मातीतलं काहीतरी धरून ठेवतात आणि हळूहळू ते सगळ्या गावाचं होऊन जातं. आपण इथे गणपती आणि ढोल-ताशे आणले, तसंच हे.

पण कुटुंबांसाठी दार उघडलं ते सिअ‍ॅटलच्या महापालिकेने. वर्ष १९३४, भर मंदीचा काळ. लोकांच्या खिशात पैसे नाहीत, हाताला काम नाही. अशा वेळी शहराच्या उद्यान खात्याने शहरापासून ५० मैलांवर, थेट घाटमाथ्यावर, म्युनिसिपल स्की पार्क सुरू केलं. विचार करा, महापालिकेची बाग असते तसा महापालिकेचा बर्फ! तेव्हा वर जायला पाळणे वगैरे काही नव्हते. स्की खांद्यावर टाकून चढायचं आणि मग दोन मिनिटांत घसरत खाली. १९३७-३८ च्या हिवाळ्यात एका कंपनीने तिथे रोप टो बसवला. म्हणजे इंजिनावर सतत फिरणारा जाड दोर. तो दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, की तो तुम्हाला ओढत वर नेतो. पुढे १९४० मध्ये महापालिकेने हात काढून घेतला आणि हीच कंपनी तो उतार चालवू लागली. वेब मॉफेट आणि त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांनी पुढे कित्येक दशकं हा व्याप सांभाळला.

इकडे रेल्वेलाही बर्फात प्रवासी दिसू लागले होते. १९३६ च्या डिसेंबरात युनियन पॅसिफिक रेल्वेने आयडाहोमध्ये सन व्हॅली नावाचं झकपक रिसॉर्ट काढलं. सिनेनट-नट्या तिथे येत. जगातली पहिली चेअरलिफ्ट तिथलीच, आणि तिची कल्पना सुचली बोटीत केळ्यांचे घड चढवायच्या यंत्रावरून! आपल्या घाटातून जाणाऱ्या मिलवॉकी रेल्वेने मात्र वेगळा विचार केला. घाटाच्या पोटातून त्यांचा सव्वादोन मैलांचा बोगदा होता. बोगद्याच्या पूर्वेच्या तोंडाशी, हायॅकला, त्यांनी जानेवारी १९३८ मध्ये स्की बाउल सुरू केला. सकाळी सिअ‍ॅटलला विजेच्या गाडीत बसायचं, दोनेक तासांत बोगद्याच्या काळोखातून एकदम पांढऱ्याशुभ्र उजेडात बाहेर पडायचं, दिवसभर खेळायचं आणि त्याच गाडीने घरी. कर्जतच्या पुढचे बोगदे ओलांडून लोणावळ्याला पोचताना जो आनंद होतो, तो आठवा.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सिअ‍ॅटल टाइम्स या वर्तमानपत्राने हायस्कूलच्या मुलामुलींसाठी इथे स्कीइंगचे वर्ग चालवले, तेही फुकट. श्रीमंतांची मुलं सन व्हॅलीला जात असतील, पण दुकानदारांची आणि कामगारांची मुलं शनिवारच्या गाडीने हायॅकला येऊन शिकली.

"सगळ्यांची मुलं" म्हणताना मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. त्या काळी आपलं बेलव्ह्यू म्हणजे शेतं होती, आणि त्यांतली कितीतरी जपानी कुटुंबं कसत होती. १९२५ पासून इथे स्ट्रॉबेरीचा उत्सव भरायचा, तो मुख्यतः त्यांच्या कष्टांवर. युद्ध पेटलं आणि मे १९४२ मध्ये इथल्या सुमारे ३०० जपानी वंशाच्या माणसांना कर्कलंडहून आगगाडीत बसवून कॅलिफोर्नियातल्या छावणीत पाठवण्यात आलं. त्यांतली अनेक मुलं इथेच जन्मलेली, इथल्याच शाळांत जाणारी. स्कीची गाडी युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू झाली. ती कुटुंबं मात्र फार थोडी परतली. आपल्या मुलांना आपण "हे तुमचंच गाव" म्हणतो, तेव्हा हेही त्यांना माहीत असावं असं मला वाटतं.

युद्धानंतर १९४७ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक स्की-जंपिंग संघाची निवड चाचणी आपल्या या घाटात झाली, आणि संघ कुठे जायचा होता? सेंट मॉरिट्झला! त्या १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये उडी मारणाऱ्यांना पदक मिळालं नाही, पण शेजारच्या टॅकोमात जन्मलेल्या, नॉर्वेजियन आईच्या मुलीने, ग्रेचेन फ्रेझरने, स्लालमचं सुवर्णपदक जिंकलं. स्कीइंगमधलं अमेरिकेचं ते पहिलं सुवर्ण. मद्रासला जन्मलेल्या माणसाने स्विस गावात आखलेली शर्यत आपल्या भागातल्या मुलीने स्विस भूमीवर जाऊन जिंकली.

डिसेंबर १९४९ मध्ये हायॅकचा लॉज आगीत खाक झाला आणि रेल्वेने १९५० मध्ये तो व्यवसाय आवरला. तोवर रस्त्याचा जमाना आला होता. २ जुलै १९४० रोजी लेक वॉशिंग्टनवर तरंगता पूल उघडला आणि सिअ‍ॅटल, बेलव्ह्यू आणि घाट एका ओळीत आले. त्याच पुलामुळे शेतांच्या जागी घरं उभी राहिली आणि १९५३ मध्ये बेलव्ह्यू शहर झालं. घाटात स्की एकर्स, हायॅक (१९५९), अल्पेंटाल (१९६७) असे एकेक उतार वाढले. दिवे लावून रात्रीचं स्कीइंग सुरू झालं, म्हणजे ऑफिस सुटल्यावर जाता येऊ लागलं. अल्पेंटालवर वाढलेल्या डेबी आर्मस्ट्राँगने १९८४ मध्ये सारायेव्होला सुवर्णपदक मिळवलं. अपंगांना स्कीइंग शिकवणारी 'आउटडोअर्स फॉर ऑल' ही संस्थाही १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच घाटात उभी राहिली.

आपली मंडळी या गोष्टीत फार उशिरा आली. मायक्रोसॉफ्ट १९७९ मध्ये बेलव्ह्यूला आली, १९८६ मध्ये रेडमंडला गेली आणि त्या मागोमाग आपल्या वसाहती वाढत गेल्या. सुरुवातीला आपण घाटात जायचो ते "बर्फ बघायला". प्लॅस्टिकची घसरगुंडी, थर्मासमधला चहा, गाडीच्या डिकीवर मांडलेली भाकरवडी आणि "कानटोपी घाल रे" म्हणून ओरडणारी आई. आता मुलं सफाईने उतरतात आणि आई-बाबा खाली उभे राहून फोटो काढतात. काही धीट बाबा लोक तर चाळिशीत पाच वर्षांच्या पोरांबरोबर एकाच वर्गात शिकतात. पोरं लवकर शिकतात, बाबा पडत राहतात, पण घरी परतताना गाडीत दोघंही सारखेच खूश असतात!

तरी दोन काळज्या मनात राहतात. पहिली खर्चाची. तिकीट, भाड्याच्या स्की आणि क्लास मिळून चौघांच्या कुटुंबाचा आकडा पाहिला, की १९३४ च्या महापालिकेची आठवण येते. दुसरी बर्फाची. इतका बुटका घाट असल्यामुळे तापमान थोडं वाढलं तरी बर्फाचा पाऊस होतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात तसंच झालं. ढग आले, बरसले, पण उतार तपकिरी राहिले. उंचावरच्या आल्प्समध्ये बर्फ आणखी बरीच वर्षं टिकेल. आपल्या घाटातला किती टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून म्हणतो, आजी-आजोबांना स्वित्झर्लंड जरूर दाखवा, म्युरेनलाही घेऊन जा. पण त्याआधी एका शनिवारी त्यांना आपल्या घाटात न्या. जमलं तर उन्हाळ्यातही या. रेल्वे १९८० मध्ये थांबली, रूळ गेले, पण तो जुना बोगदा आता चालायला आणि सायकलला खुला असतो. हातात बॅटरी घेऊन नातवंडांबरोबर त्या गारठ्यातून चालत जा आणि पलीकडे उजेडात आलात, की त्यांना सांगा, शाळेतल्या पोरांनी भरलेली ती शनिवारची गाडी इथेच थांबायची. आपल्या मंडळातल्या ज्यांना स्कीइंग चांगलं येतं, त्यांनी या हिवाळ्यात नव्याने आलेल्या एकेका कुटुंबाला पहिला धडा फुकट द्यावा, अशी माझी सुचवणी आहे. या घाटाची रीतच तशी आहे.

आपणा सर्वांना दिवाळीच्या आणि येणाऱ्या भरपूर बर्फाच्या हिवाळ्याच्या शुभेच्छा!