बिलरॉथच्या घरची बैठक

एम.एस.च्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "बिलरॉथ वन आणि बिलरॉथ टू, फरक सांगा." मी घडाघडा सांगितला: जठराचा रोगट भाग काढल्यावर उरलेला भाग पहिल्यात ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला जोडायचा, दुसऱ्यात त्यापुढच्या जेजुनमला. पास झालो. पुढे तीस वर्षं ते नाव ऑपरेशनच्या नोट्समध्ये लिहिलं. हा बिलरॉथ पियानो वाजवायचा हे मात्र मला निवृत्तीनंतर कळलं, तेही जर्मन संगीतकार ब्राम्सच्या एका जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावरून.

मी मिरजेचा. आमच्याकडे एका गल्लीत तंबोरे घडतात आणि चार पावलांवर दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. तरी बारावीच्या वर्षी वडिलांनी माझी पेटी माळ्यावर टाकली. "आधी डॉक्टर हो, मग काय वाजवायचंय ते वाजव."

थिओडोर बिलरॉथच्या आईचंही तेच म्हणणं होतं. १८२९ साली बाल्टिक समुद्रातल्या र्युगेन बेटावर, पाद्र्याच्या घरी तो जन्मला. पाच वर्षांचा असताना वडील गेले. पोराला संगीतात जायचं होतं. घरच्यांनी वैद्यकाला घातलं. ग्राइफ्सवाल्डच्या विद्यापीठात त्याचं पहिलं सत्र पियानोवरच गेलं. अभ्यासाची गोडी लागली ती पुढे गटिंगेनला. १८६० मध्ये तो झुरिकला शल्यचिकित्सेचा प्राध्यापक झाला आणि फावल्या वेळात तिथल्या वृत्तपत्रात संगीतसमीक्षा लिहू लागला. तंतुवाद्यांच्या चौकडीत स्वतः बसता यावं म्हणून व्हायोलाही शिकला. ब्राम्सशी ओळख झाली ती याच शहरात.

१८६७ मध्ये तो व्हिएन्नाला आला आणि आल्सरस्ट्रासवरचं त्याचं घर म्हणजे ब्राम्सचा अड्डाच झाला. नवी रचना लोकांपुढे जाण्याआधी इथल्या बैठकीत वाजायची. १८७३ साली ब्राम्सने आपल्या एकावन्नाव्या ओपसमधल्या दोन्ही तंतुवाद्य चौकड्या या सर्जनला अर्पण केल्या. बिलरॉथ इतका हरखला की हस्तलिखिताची पहिली ओळ कापून त्याने ब्राम्सच्या तसबिरीवर चिकटवली. ब्राम्सला ते मुळीच रुचलं नाही. सर्जनच्या हातात कागद दिला की असं होतं!

त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, बिलरॉथने कर्करोग झालेलं स्वरयंत्र पूर्ण काढून टाकलं. रुग्ण होता ३६ वर्षांचा शिक्षक. मागाहून गुसेनबाउअर या सहायकाने त्याच्यासाठी कृत्रिम स्वरयंत्र घडवलं. सुरांवर जीव टाकणाऱ्या माणसाने आवाजाचं मूळच काढलं आणि त्याच्याच चमूने त्या जागी दुसरा आवाज बसवला. मी ही केस जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा ऑपरेशनपेक्षा त्या यंत्रापाशीच जास्त रेंगाळतो.

मग १८८१. त्याआधी पॅरिसमध्ये पेआंने आणि आजच्या पोलंडमध्ये रिडिगिअरने जठराचा कर्करोग काढून पाहिला होता; दोघांचेही रुग्ण दगावले होते. २९ जानेवारीला बिलरॉथच्या टेबलावर ४३ वर्षांची टेरेसे हेलर होती. तिच्या पोटात आंबट दुधाखेरीज काही ठरत नव्हतं. क्लोरोफॉर्म, दीड तास, कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या रेशमाचे सुमारे ५० टाके. ती बरी होऊन जेवूखाऊ लागली, पण रोग आधीच पसरला होता. जेमतेम चार महिन्यांनी ती गेली. तरी जठर कापून जोडता येतं हे सिद्ध झालं होतं. त्याच वर्षीच्या जुलैत ब्राम्सने आपल्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्तोचं हस्तलिखित बिलरॉथकडे पाठवलं आणि थट्टेने म्हटलं, पियानोचे काही छोटे तुकडे धाडतोय. चार भागांचा तो अजस्र कॉन्चेर्तो!

बिलरॉथची थोरवी मला आणखी एका गोष्टीत दिसते. झुरिकच्या कारकिर्दीचा हिशेब त्याने छापला तो दगावलेल्या रुग्णांसकट. त्या काळी सर्जन मंडळी यशाच्या केसेस छापत आणि बाकीच्या झाकून ठेवत. मला वाटतं, अपयशही उघड मांडायची ही सवय त्याला बैठकीने लावली असावी. चौकडीत व्हायोला बेसूर लागला तर बाकीच्या तिघांना तत्क्षणी कळतं. तिथे लपवाछपवी चालत नाही. संगीत हा डॉक्टरचा विरंगुळा, असं आपण कौतुकाने म्हणतो. बिलरॉथपुरता तो शब्द तोकडा आहे.

१८९४ मध्ये तो गेला. 'संगीताचं अंग कोणाला असतं?' या प्रश्नावरचं त्याचं पुस्तक अपुरंच राहिलं; त्याचा मित्र, समीक्षक हान्सलिक याने ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं.

घरात मेडिकलला जाणारं पोर असेल, तर त्याचं वाद्य माळ्यावर टाकू नका. मी माझी पेटी चाळीस वर्षांनी खाली काढली. भाता उंदरांनी कुरतडला होता. तो आमच्याच गल्लीत आठवड्यात नवा करून मिळाला; बोटं मात्र अजून वळत नाहीत.